उन्हाळ्यात पक्ष्यांचे फोटो सॉफ्ट (पुसट) येतात : लेन्स बदलावी की वेळ?

आमराईचा_रावा | १२ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

सांगलीतली आमराई, हरिपूरचा संगम, मिरजेजवळचा दंडोबा आणि सवड मिळाली तर सागरेश्वर, एवढ्याच जागांपुरता हा प्रश्न आहे. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, सोबत ७०-३०० मिमीची लेन्स. थंडीत हीच जोडी तांबटाच्या मिशीचा केस न् केस दाखवते. मार्च उलटला की तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेच झाड, पण पिसं एकमेकांत मिसळलेली आणि डोळ्याची कड पाण्यात भिजल्यासारखी. शटर १/१०००, एफ ५.६, आयएसओ ४०० च्या आसपास, फोकसचा चौकोन बरोबर डोळ्यावर. सकाळी साडेआठनंतरचे बहुतेक फोटो असेच येतात.

१५०-६०० घेतली तर फरक पडेल का? आणि उन्हाळ्यात आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत नेमकं काय, कुठे, किती वाजता टिपावं, तेही जाणत्यांनी सांगावं. सेटिंग आकड्यांसकट लिहिलंत तर फार उपकार होतील.

माणदेशी_टिटवी | रात्री ९:२४

लेन्स घेऊ नका. आधी घड्याळ बदला, मग अंतर बदला. पैसे शेवटी.

जांभा_कातळ | रात्री १०:०२

टिटवीताईंना अनुमोदन. कारण जरा सविस्तर लिहितो, कारण या एका गोष्टीपायी बऱ्याच चांगल्या लेन्स निम्म्या किमतीत विकल्या जातात.

जमीन तापली की तिला लागून असलेली हवा तापते, विरळ होते आणि वर उठते. तिच्या जागी थोडी थंड हवा येते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो. या सगळ्या घुसळणीतून पक्ष्याकडून येणारा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोचतो, तेव्हा प्रत्येक बिंदू जागचा थोडा हललेला असतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी साचल्यासारखं दिसतं तोच हा प्रकार. डोळ्याला तो लांबवर दिसतो, पण ३०० मिमीच्या लेन्सला तीस-चाळीस मीटरवरसुद्धा दिसतो, कारण लेन्स पक्षी मोठा करते तसा हवेचा थरथराटही मोठा करते. ६०० घेतलीत तर थरथराट दुप्पट मोठा दिसेल. म्हणून लांब लेन्स हे या दुखण्याचं औषध नाही. पक्षी चौकटीत मोठा दिसेल, पण तितकाच विरघळलेला.

थरथराट कुठे जास्त असतो तेही बघा. डांबर, काँक्रीट, पत्र्याचं छप्पर, नांगरून टाकलेली काळी जमीन, जांभ्याचा उघडा कातळ, गाडीचं बॉनेट. हिरवळ, पाणी आणि गर्द सावली यांच्यावर कमी. आमराईत उभे राहून बाहेरच्या रस्त्यापलीकडच्या झाडावरचा पक्षी टिपत असाल तर मधली डांबराची पट्टीच फोटो खाते. चार पावलं बाजूला सरका, रस्ता मध्ये येऊ देऊ नका, फरक लगेच दिसेल.

दुसरं, जमिनीलगतची हवा सगळ्यात वाईट. त्यामुळे लांबच्या पक्ष्यासाठी पोटावर झोपून फोटो काढायची थंडीतली सवय उन्हाळ्यात उलटते. झाडाच्या शेंड्यावरचा हळद्या मात्र खालून वर बघत टिपलात तर बऱ्यापैकी स्वच्छ येतो, कारण प्रकाश तापलेल्या थरातून कमी अंतर कापतो.

संगमघाट | रात्री १०:३१

कातळदादा, एक भर घालतो. गाडीत एसी लावून, काच खाली करून लेन्स बाहेर काढणारे खूप असतात. आतली थंड आणि बाहेरची गरम हवा बरोबर काचेच्या तोंडाशी मिसळते. त्यात कितीही भारी लेन्स घातली तरी फोटो सॉफ्टच येणार. एसी बंद, सगळ्या काचा उघड्या, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग कॅमेरा उचलायचा. इंजिनही बंद ठेवा, नाहीतर गाडीची थरथर आणि बॉनेटची वाफ दोन्ही फोटोत उतरतात.

लेन्स हूडचंही तसंच. काळा लांब हूड तासभर उन्हात राहिला की आतली हवा तापून लेन्सपुढेच भोवरे करते. समोरून ऊन येत नसेल तर अशा वेळी हूड काढून बघावा. आणि ३०० रुपयांचा यूव्ही फिल्टर लेन्सवर असेल तर आधी तो काढा.

बहावा_बहरला | १३ एप्रिल, सकाळी ६:५०

थरथराट हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं निम्मं सूर्याच्या उंचीत आहे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सूर्य उगवला की जवळपास सरळ वर चढतो, तासाला साधारण १४ अंश. म्हणजे सव्वासहाला उगवलेला सूर्य सव्वाआठला २८ अंशांवर पोचलेला असतो. इथपर्यंत पक्ष्याच्या डोळ्यात चमक येते, पोटाखाली उजेड जातो. त्यापुढे भुवईची सावली डोळ्यावर पडायला लागते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर सांगली आणि सातारा दोन्हीकडे शून्य सावली होते, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या उजेडात बसलेला पक्षी वरून पांढरा आणि खालून काळा दिसतो. अशा फोटोत डोळ्याची कड सापडत नाही आणि आपण त्याला सॉफ्ट म्हणतो.

त्यामुळे उघड्यावरचा पक्षी : सूर्योदयाआधी वीस मिनिटं जागेवर हजर, सव्वाआठला बंद. संध्याकाळी साडेपाचनंतर परत. मधल्या वेळात फक्त सावलीतलं टिपायचं. संध्याकाळी जमीन मात्र तापलेलीच असते, म्हणून सहापर्यंत लांबचं काही टिपू नका. सूर्य कलला तरी कातळ लवकर निवत नाही.

चाळकेवाडीचा_वारा | सकाळी ९:१५

सव्वाआठला कॅमेरा बंद? ह्ये काय पटत न्हाय बघा बहावाताई. पक्ष्यांपुरतं खरं असंल, पण उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यात टिपण्यासारखी जी सगळ्यात देखणी गोष्ट हाय ती त्यानंतरच बाहेर येती.

सज्जनगडाच्या वाटेनं ठोसेघर, पुढं चाळकेवाडीचं पठार. तिथला पंखा गळ्याचा सरडा. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी असा तीन रंगांचा पंखा असतो, तो मार्च ते मे या विणीच्या काळात तो फडफडवून दाखवतो. २०१६ साली या सरड्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते चाळकेवाडीच्याच नमुन्यांवरून, आणि त्याच्या वंशाला नावच आपल्या मराठी शब्दावरून दिलंय, 'सरडा'. जगाच्या पुस्तकात आपल्या पठारावरचा शब्द गेलाय, एवढं तरी सातारकरांनी जाऊन बघावं.

आता कामाचं. सरडा थंड रक्ताचा. दगड तापल्याशिवाय तो हालत न्हाय. साडेआठ ते साडेअकरा ही त्याची खरी वेळ, भर दुपारी दगडाखाली जातो. प्रत्येक नराचे ठरलेले दोन-तीन दगड असतात, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच. आधी लांबून दगड हेरा. मग तीन-चार मीटरवर पोटावर पडून थांबा. सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा, आणि आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, कारण वरून आलेली सावली म्हंजे त्याला शिकारी पक्षीच वाटतो.

पंखा अर्धा सेकंदसुद्धा पुरता उघडा राहात न्हाय. शटर १/१६०० च्या खाली नको, एफ ८, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा १६००, बर्स्ट (सलग फोटो) चालू. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) -०.३ ते -०.७, न्हायतर निळा रंग पांढुरका होतो. सरडा बाजूने, म्हंजे सेन्सरला समांतर पायजे. तिरका असला तर डोळा शार्प आणि पंखा सॉफ्ट येतो.

जांभा_कातळ | सकाळी ९:४८

वारा, तुमचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही, उलट पक्कं होतं. कातळ तापलेला आहे, तुम्ही पोटावर आहात, तरी फोटो स्वच्छ येतो, कारण अंतर तीन मीटर आहे. मधे हवाच थोडी. हाच सरडा पंधरा मीटरवरून ६०० ने टिपला तर वितळलेला येईल.

वर्धनगडी | सकाळी १०:२०

पवनचक्क्यांखालचे सरडे जास्त जवळ येऊ देतात असं ऐकलंय. खरं आहे?

चाळकेवाडीचा_वारा | सकाळी ११:०५

खरं हाय, आणि त्यामागं अभ्यास हाय. २०१८ साली याच पठारावरचं संशोधन छापून आलं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळं सरड्यांची दाटी वाढली आणि त्यांची भीती कमी झाली. पवनचक्की नसलेल्या भागातला सरडा लांबूनच पळतो. म्हणून नवख्यानं चक्क्यांच्या बाजूला शिकावं. पण त्याला भीती कमी म्हणून हातभर अंतरावर जायचं न्हाय. विणीच्या दिवसांत नर दगड सोडून पळाला की शेजारचा नर त्याची जागा घेतो.

आणखी एक. कोपर-गुडघ्याखाली जाड चटई घ्या, जांभा चटके देतो. दगड उलटे करू नका. फुरसं त्याच रंगाचं असतं आणि दगडाच्या कडेलाच बसतं. हात टेकायच्या आधी नजर टेकवा.

परसबाग_कराड | दुपारी १:३०

इतक्या लांब जाणं सगळ्यांना जमत नाही. उन्हाळ्यात पाणी ठेवलं तर पक्षी अंगणात येतात आणि अंतर आपोआप चार-पाच मीटरवर येतं, म्हणजे वरचा सगळा थरथराटाचा प्रश्नच मिटतो. ७०-३०० ला ही जागा अगदी योग्य. मांडणी अशी करा.

मातीचं पसरट भांडं घ्या, कुंडीखालची थाळी चालते, दीड फूट व्यासाची. पाणी कडेला एक इंच आणि मध्ये फार तर अडीच इंच. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत आणि पिल्लं बुडतात. मध्ये खडबडीत दगड ठेवा. स्टील किंवा प्लास्टिक नको, पाणी तापतं आणि पाय घसरतात. पाणी रोज सकाळी बदलायचं आणि भांडं काथ्यानं घासायचं, साबणाशिवाय. दोन दिवसांचं पाणी हिरवं होतं, त्यात डासाची अंडी पडतात आणि आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्यांना लागण होते.

जागा निवडताना मांजराचा विचार आधी. झुडपाला अगदी चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरते, अगदी उघड्यावर ठेवलं तर पक्षी येत नाहीत. झुडपापासून दीड-दोन मीटर बरोबर. भांडं कंबरेइतक्या उंचीवर, विटांच्या ओट्यावर. मागे निदान पाच-सहा मीटर मोकळी जागा आणि त्यामागे सावलीतली हिरवळ असेल तर पार्श्वभूमी एकसारखी हिरवी येते. भिंत मागे असेल तर एफ ५.६ लासुद्धा भिंतीचा डाग दिसतो.

पक्ष्याला साठलेल्या पाण्यापेक्षा थेंबाचा आवाज लवकर ओढून आणतो. औषधाच्या दुकानात सलाईनची नळी मिळते. पाण्याची बाटली उलटी टांगून, नळीची चकती फिरवून सेकंदाला एक थेंब ठेवा. दोन लिटरची बाटली दिवसभर पुरते. थेंब भांड्याच्या मध्यावर पडू दे.

पक्षी पाण्यावर थेट उतरत नाही, आधी शेजारी बसून बघतो. म्हणून भांड्यापासून हातभर अंतरावर वाळकी फांदी रोवा, अंगठ्याएवढी जाड. निम्मे चांगले फोटो त्या फांदीवरच होतात. बुलबुल, दयाळ, शिंपी, साळुंकी, सातभाई, चिमण्या हे नेहमीचे. झाडी दाट असेल तर स्वर्गीय नर्तकसुद्धा संध्याकाळी पाण्यावर झेप घेऊन आंघोळ करतो.

माणदेशी_टिटवी | दुपारी २:०५

परसबागताई, फार सुंदर लिहिलंत. वाचनखूण साठवली. एकच जोडते : एकदा पाणी ठेवायला सुरुवात केली की मृगापर्यंत खंड पाडू नका. फोटो झाले म्हणून मेमध्ये भांडं उचलणं बरं नाही. माण-खटावकडे तर पक्ष्याला दुसरं पाणी दोन-दोन किलोमीटरवर असतं.

फोकस_पलूस | दुपारी ३:४०

धागा मस्त चाललाय. नदीच्या दरडीत वेड्या राघूंची बिळं दिसली आहेत, पिल्लं असावीत. घरट्याचे फोटो काढायचे तर किती अंतर ठेवावं? आणि बिळापुढचं गवत थोडं कापलं तर चालेल ना?

माणदेशी_टिटवी | दुपारी ३:५२

नाही. गवत कापायचं नाही आणि बिळापाशी जायचंही नाही.

फोकस_पलूस | दुपारी ४:१५

ताई, रागावू नका. दुरून काढले तर काय बिघडतं? सगळीकडे घरट्यांचे फोटो दिसतात.

माणदेशी_टिटवी | दुपारी ४:४८

रागावले नाही, पण या बाबतीत मऊ बोलता येत नाही. उन्हाळ्यात घरट्यावरचा पक्षी अंडी उबवतो तेवढंच काम करत नाही, तो त्यांना उन्हापासून वाचवतो. चाळीस अंशांच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळात आतून शिजतात. टिटवीचं बघा. ती उघड्या रानात खड्यांत अंडी घालते, आणि ऊन वाढलं की पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसते. फोटोसाठी तिला पंधरा मिनिटं उठवून ठेवलं की तिची सगळी खटपट वाया. गवत किंवा फांद्या छाटल्या की सावली जाते आणि कावळ्याला, मुंगसाला वाट मिळते. तुम्ही निघून गेल्यावर कावळा येतो, त्यामुळे नुकसान तुमच्या डोळ्यांसमोर होत नाही.

कायद्याचंही सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं.

संगमघाट | सायंकाळी ५:३०

पलूसभाऊ, राघूचे फोटो घरट्याशिवाय जास्त चांगले मिळतात. दरडीपासून पन्नास-साठ मीटर दूर तार किंवा वाळकी बाभळ शोधा. राघू एकाच फांदीवरून झेपावतो आणि त्याच फांदीवर परत येतो, तोंडातली माशी फांदीवर आपटतो. फांदीवर आधी फोकस करून थांबा. शटर १/२५०० ते १/३२००, एफ ७.१, परत येतानाची घडी धरा. चोचीत किडा धरून तो बराच वेळ बिळाकडे न जाता बाहेरच बसून राहिला, तर समजा तुम्ही अजून फार जवळ आहात. लगेच मागे या.

फोकस_पलूस | सायंकाळी ६:०२

पटलं. बिळाकडे जाणार नाही. बाभळीची कल्पना आवडली.

औदुंबर_डोह | सायंकाळी ७:१०

नदीचा विषय निघालाच आहे तर मगरींबद्दल लिहायला हवं. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ ते सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत हे आपल्याला माहीत आहे, पण उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठावर वाकून फोटो काढणारे वाढतात.

मगर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या वाळूत किंवा मऊ मातीत अंडी घालते, दोनेक महिन्यांनी, म्हणजे मे-जूनमध्ये, पिल्लं निघतात. या काळात मादी जागा सोडत नाही. काठावर ओल्या मातीत ओढल्यासारखी रुंद घसरण दिसली तर ती मगरीची वाट समजा आणि तिथून मागे फिरा.

फोटो घाटाच्या उंच पायऱ्यांवरून, पुलावरून किंवा उंच दरडीवरून घ्यायचे, पाण्याच्या पातळीवरून नाही. पाण्यापासून निदान वीस मीटर. सकाळी सात ते साडेनऊ ती ऊन खात वाळूवर असते, नंतर पाण्यात किंवा बिळात. तोंड उघडून बसलेली मगर चिडलेली नसते, अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. तो फोटो छान येतो. एफ ८, १/५००, एक्स्पोजर -०.३. ओल्या पाठीवर ऊन चमकत असेल तर पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) लावा, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे धरून आयएसओ वाढवा. होडीवाल्याला जवळ घेऊन चल म्हणू नका.

कॅमेरा_नाही | रात्री ८:२५

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. या धाग्यात माझ्यासारख्याला काही आहे का?

परसबाग_कराड | रात्री ८:५०

भरपूर आहे. मोबाइलनं पक्ष्यामागे धावू नका. फुलं, सरडे, फुलपाखरं आणि झाडं घ्या. बहाव्याचे घोस एप्रिल-मेमध्ये असतात, ताम्हणही. पिवळा आणि जांभळा रंग मोबाइलमध्ये भडक होतो, म्हणून फुलावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बोट खाली ओढून थोडा अंधार करा. डिजिटल झूम वापरू नका, दोन पावलं पुढे जा. पाण्याच्या भांड्याजवळ छोट्या स्टँडवर मोबाइल लावून, दूरून इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो घेता येतो. मोबाइल उन्हात दहा-पंधरा मिनिटांत तापतो, स्क्रीन मंद होते आणि कॅमेरा बंद पडतो. पांढरा सुती रुमाल वर टाका. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी सुटतं.

महादरे_पाकोळी | रात्री ९:३०

मोबाइलवाल्यांनी फुलपाखरांचं चिखलपान टिपावं. मार्च ते मे, ओढ्याकाठची ओली वाळू, नऊ ते बारा. मिठासाठी येतात, बहुतेक नर. एकदा प्यायला बसली की सहसा उठत नाहीत. आपली सावली पडू न देता, गुडघ्यावर बसून हळूहळू सरकायचं. पंख मिटलेले असतील तर मोबाइल पंखांना अगदी समांतर धरा. साताऱ्याजवळ महादरेचं रान यासाठी नामी आहे. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन सावलीच्या वाटेवर दिसतं. ते फुलावरही पंख फडफडवत राहतं, म्हणून १/१००० तरी हवं.

बहावा_बहरला | १४ एप्रिल, सकाळी ७:०५

एक्स्पोजरबद्दल अजून कुणी नीट लिहिलं नाही, आणि आमराईच्या मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. उन्हातला गायबगळा कॅमेरा ऑटोवर टिपला तर पांढरी पिसं जळतात, आणि जळालेल्या भागात तपशील नसतो, म्हणून तोही सॉफ्ट वाटतो. उन्हातल्या बगळ्याला -०.७ ते -१. काळ्या कोतवालाला सावलीत +०.७. मोकळ्या आभाळावर बसलेल्याला +१ ते +१.७. या दिवसांत गायबगळ्याचं डोकं-मान नारिंगी होते आणि वंचक बगळ्याची पाठ गडद तांबूस. हे रंग जपायचे तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) काढा.

आमराईचा_रावा | सकाळी ८:४०

एवढं सगळं वाचून भारावून गेलो. सागरेश्वरला काळवीट आणि सांबर टिपायचे तर काय करावं?

देवराष्ट्रे_वाट | सकाळी ९:२२

सागरेश्वर जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं, माणसांनी उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. १९८५ साली अभयारण्य झालं. तिथे गेल्यावर हे ध्यानात ठेवलं की माणूस आपोआप हळू चालतो.

तिकीट घेताना कॅमेऱ्याची नोंद करा, लेन्स कोणती तेही सांगा, आणि गेटवरच उघडण्या-बंद होण्याची वेळ विचारा. अभयारण्यात फोटोग्राफीसाठी परवानगी लागते, ती टिटवीताईंनी सांगितलेल्या १९७२ च्या कायद्याखालीच. फाटक उघडताच आत गेलात तर काळवीट उघड्या गवतावर मिळतो. नर काळा, मादी फिकट, दोघे एका चौकटीत असतील तर मादीवर एक्स्पोजर धरा, नराची काळी पाठ नंतर उजळता येते. सांबर दिवसा झाडीतून बाहेर पडत नाही, संध्याकाळी पाणवठ्याकडे येतो. पाणवठ्याच्या अगदी काठावर उभे राहू नका. तुम्ही काठावर आहात तोवर कळप झाडीत तहानलेला उभा राहतो. चाळीस मीटर मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला झाडाआड बसा, मग वास त्यांच्याकडे जात नाही. भडक कपडे, अत्तर, फ्लॅश नको. अत्तर आग्या मोहळालाही चेतवतं, आणि उन्हाळ्यात ती मोहळं मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर असतात.

चांदोलीचा विचार असेल तर तो पावसाळ्यात बंद असतो आणि जंगल दाट असल्याने फोटो कमी मिळतात. नवख्यानं सागरेश्वरच करावं.

वर्धनगडी | सकाळी १०:००

धूळ आणि बॅटरीबद्दल थोडक्यात : लेन्स माळावर बदलू नका. सेन्सरवर तोंडानं फुंकर नको, रबरी ब्लोअर. एफ १६ ला आभाळाचा फोटो काढला की धुळीचे ठिपके दिसतात. कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका. एसीतून बाहेर येताना काचेवर बाष्प धरलं तर पुसू नका, बॅगेतच वीस मिनिटं राहू द्या.

जांभा_कातळ | सकाळी ११:१५

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आमराईंनी लेन्सचा निर्णय अजून घेतलेला नसावा. दोष कुणाचा हे घरी ओळखायची सोपी चाचणी आहे.

सकाळी साडेसहाला आणि परत साडेदहाला, त्याच जागेवरून, तीस मीटरवरची छापील पाटी टिपा. ट्रायपॉड, ३०० मिमी, १/१०००, एफ ५.६, सलग दहा फोटो. मग तेच एफ ८ वर. संगणकावर शंभर टक्के मोठे करून बघा.

दहापैकी काही शार्प, काही सॉफ्ट, आणि अक्षरांची कड प्रत्येक फोटोत वेगळ्या बाजूला वाकलेली : हवेचा थरथराट. दहाही सारखेच सॉफ्ट आणि एफ ८ ला सुधारले : लेन्स पूर्ण उघडी असताना कमजोर आहे, एफ ८ वापरा. पाटी सॉफ्ट पण तिच्या पुढचं किंवा मागचं गवत शार्प : फोकस चुकतोय, दुकानात दाखवा. सगळ्या अक्षरांना एकाच दिशेला शेपूट : हात किंवा ट्रायपॉड हलतोय. क्रॉप सेन्सरवर ३०० म्हणजे ४५० सारखं दिसतं, त्यामुळे बसलेल्या पक्ष्यालाही १/५०० च्या खाली जायचं नाही. स्टॅबिलायझर असली तरी पक्षी स्वतः हलतोच.

थरथराटातही बर्स्टचा उपयोग आहे. वीस फोटोंत दोन-तीन वेळा हवा क्षणभर शांत होते. ते दोन ठेवा, बाकीचे टाका.

आमराईचा_रावा | १७ एप्रिल, रात्री ९:४५

कातळदादा, सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. साडेसहाचे वीसही फोटो शार्प, एफ ८ चे किंचित जास्त. साडेदहाला दहापैकी दोन शार्प, बाकीच्यांत अक्षरं प्रत्येक फोटोत वेगळीकडे वाकलेली. पाटी आणि कॅमेरा यांच्यामध्ये काँक्रीटचं अंगण होतं. तोच ट्रायपॉड चार मीटर बाजूला, लॉनच्या पलीकडून लावला तर दहापैकी सात शार्प.

लेन्स तीच राहणार. मातीची थाळी आणि सलाईनची नळी आणली आहे. परसबागताई, अंगण दक्षिणेला उघडं आहे आणि झुडूप पूर्वेला. भांडं कुठे मांडू?

परसबाग_कराड | रात्री १०:१२

सकाळचं ऊन झुडपाच्या वरून तिरकं येईल, म्हणजे झुडपाच्या अगदी पश्चिमेला भांडं साडेसातपर्यंत सावलीत राहील. झुडपाच्या दक्षिण टोकापासून दोन मीटरवर मांडा आणि तुम्ही आग्नेयेला बसा, सूर्य तुमच्या उजव्या खांद्यामागे राहील. पहिले चार दिवस कॅमेरा घेऊन बसूच नका, पक्ष्यांना भांडं ओळखू द्या. पाचव्या दिवशी साडेसहाला.